नावेच्या पोटातली चादर

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ज्या दिवशी येणार असेल त्या दिवशी सेक्रेटरी ग्रुपवर मेसेज टाकतात. त्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आमच्या फ्लॅटच्या वाट्याला आलेल्या जागेत, गेल्या उन्हाळ्यापासून एक शिडाची नाव ट्रेलरवर उभी आहे. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की लोक हसतात. हसण्याला माझी हरकत नव्हती.

नाव लहान आहे. चार माणसं अंग चोरून बसतील एवढी. पुण्याजवळच्या एका तलावावरच्या क्लबाने ती जुनी म्हणून काढली, तेव्हा मी घेतली. वर्तमानपत्राच्या डेस्कवरची नोकरी संपल्यावर दोन हिवाळे पुण्याला मुलीकडे राहून मी त्या क्लबात शीड हाताळायला शिकले होते. वय साठीला टेकलेलं. बरोबरचे सगळे तिशीच्या आतले. ते चुकले की शिकवणारे सर ओरडत. मी चुकले की म्हणत, "असू द्या, असू द्या." त्या 'असू द्या'ला उत्तर म्हणून मी शेवटपर्यंत शिकले.

नवरा रेल्वेत मालगाडीचा गार्ड होता. होटगीच्या यार्डात त्याची बरीच वर्षं गेली. गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मागे पडणारे रूळ बघणं हे त्याचं काम. नाव घरी येणार म्हटल्यावर तो एवढंच म्हणाला, "आणायची तर आण. मला तीत बसायला सांगू नकोस."

पुढचं समजायला नावेचा एक भाग आधी सांगावा लागेल. शिडाच्या नावेला पोटाखाली एक पातं लागतं. ते पाण्यात उभं खाली उतरलेलं असतं आणि वाऱ्याच्या दाबाने नावेला आडवी सरकू देत नाही. आमच्या नावेचं पातं जाड लोखंडी पत्र्याचं आहे; एकट्या माणसाच्याने उचलत नाही. त्याचं पुढचं टोक एका बोल्टवर फिरतं. मागचं टोक तारेने वर ओढलं की ते नावेच्या मधोमध असलेल्या अरुंद पेटीत शिरतं, खिशातला चाकू मिटावा तसं. तार एका छोट्या विंचवर, म्हणजे हँडलने फिरवायच्या रहाटावर, गुंडाळली जाते आणि पातं पूर्ण वर आलं की पेटीतून आरपार एक खुंटी घालायची.

पाण्यात हे सोपं असतं. अडचण रस्त्यावर. पातं नुसतं तारेवर आणि खुंटीवर टांगून ठेवलं तर प्रत्येक खड्ड्याला ते पेटीत उसळतं आणि परत आपटतं. त्याने खुंटी वाकते, तार तुटते, कधी पेटीलाच तडा जातो. म्हणून ट्रेलरला पात्याच्या टोकाखाली एक आडवी पट्टी जोडतात. नाव ट्रेलरवर चढली की खुंटी काढून पातं थोडं खाली सोडायचं आणि त्या पट्टीवर टेकवायचं. म्हणजे वजन ट्रेलरवर जातं आणि नाव मोकळी राहते. क्लबात हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पण आमचा ट्रेलर मूळचा सपाट तळाच्या नावेचा. त्याला दोन बाजूंना दोन लोखंडी दांडे होते, मध्ये काही नव्हतं. पट्टी जोडून देणारा वेल्डर दिवाळीपासून 'उद्या' म्हणत होता.

सोसायटीची तक्रार वेगळीच होती. पार्किंग गाड्यांसाठी आहे, असं एका मीटिंगमध्ये निघालं. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. बोलणं मऊ, शब्द मोजून.

"मॅडम, नाव ठेवायला आमचा विरोध नाही. पण ही गाडी म्हणायची की सामान, एवढं सांगा."

"चाकं आहेत ना तिला?" मी म्हटलं.

"चाकं तर पीठगिरणीलाही असतात. ती जाते कुठं का?"

लोक हसले. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उभे राहिले. त्यांचं विजापूर रोडला गार्डन हॉटेल आहे. ते म्हणाले, "ताई, मला द्या. मी हिरवळीवर बसवतो. खालचं लोखंड तेवढं कापून टाकायचं, म्हणजे सपाट बसेल. आत दोन बाकं, मध्ये टेबल. लहान मुलं आईस्क्रीम खातील. तुम्हाला केव्हाही या, आईस्क्रीम फुकट."

पुन्हा हशा. मी त्यांना विचारलं, की नाव पाण्यात जाऊन परत आली तर ती गाडी मानणार का. सेक्रेटरींनी सगळ्यांकडे बघून उत्तर दिलं, "येत्या रविवारी संध्याकाळी सहाला मीटिंग आहे. मीटिंग संपायच्या आत ती पाण्यात उतरून, धडधाकट परत येऊन इथं उभी राहिली, तर गाडी. नाहीतर त्याच संध्याकाळी यांचा टेम्पो येईल. मंजूर?"

"मंजूर," मी म्हटलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर म्हणाला, "मंजूर म्हणायच्या आधी वेल्डरला फोन करायचा होतास." वेल्डरने त्या आठवड्यातही 'उद्या'च सांगितलं.

ट्रेलर ओढायला करकंबहून नवऱ्याचा चुलतभाऊ आला. त्याच्याकडे जीप आहे आणि हंगामात तो उसाच्या ट्रॉल्या ओढतो. दोन भरलेल्या ट्रॉल्या मागे लावून अरुंद रस्त्यात उलट घेणारा माणूस. रविवारी सकाळी त्याने नावेखाली वाकून पाहिलं.

"वहिनी, ह्यो तर नांगराचा फाळ हाय की."

"पाण्यातला."

"पाण्यात काय पेरताय?"

"तू जीप लाव."

"लावतो की. पन वजन हुकावर यायला पायजे. मागं वजन गेलं की ट्रेलर शेपटी हालवतो." त्याने नाव दांड्यांवर हातभर पुढे घ्यायला लावली. ते बरोबर होतं. पातं वर मिटलं की त्याचं वजन मागे जातं.

सोसायटीच्या गेटबाहेर लगेच गतिरोधक आहे. त्याच्यावरून ट्रेलर गेला आणि नावेच्या पोटातून 'ठण्ण' असा आवाज निघाला. सेक्रेटरी फिरून परत येत होते. त्यांनी हात जोडले. "आरती झाली का मॅडम?"

हमरस्त्यावर आवाज कमी होता. मोहोळ गेलं, मोडनिंब गेलं. उसाचे ट्रॅक्टर एकामागे एक, त्यांच्या गाण्यांचे आवाज एकमेकांत मिसळलेले. प्रत्येक ड्रायव्हर मान वळवून नावेकडे बघत होता. एकाने दिराला ओळखलं आणि ओरडून विचारलं, "आरं, कुटं निगाला? समिंदराला?" दिराने तेवढ्याच मोठ्याने सांगितलं, "व्हय! येतो का?"

उजनी धरणाच्या फुगवट्याकडे जायला हमरस्ता सोडला आणि गावांतला रस्ता लागला. तिथे दर शाळेपुढे एक, दर देवळापुढे एक आणि मध्येच कोणाच्या तरी दारापुढे एक, असे गतिरोधक. प्रत्येकाला 'ठण्ण'. चौथ्या की पाचव्या आवाजानंतर नवऱ्याने जीप थांबवायला सांगितली. मालगाडीत असा आवाज आला असता तर त्याने गाडी पुढे जाऊ दिली नसती, असं तो म्हणाला.

लिंबाच्या सावलीत तिघांनी ट्रेलरखाली पाहिलं. खुंटी थोडी वाकली होती. पेटी आणि पातं यांच्यात दोन्ही बाजूंना बोटभर फट होती आणि त्या फटीत पातं खेळत होतं.

सोलापुरात जड वस्तू हलवायची झाली की पहिल्यांदा जुनी चादर शोधतात. फ्रीज, कपाट, शिलाई मशीन, मुलीच्या संसाराचा टीव्ही, सगळं चादरीत गुंडाळून जातं. घरोघरी माळ्यावर जुन्या चादरींची चळत असते. रंग उडतो पण वीण फाटत नाही, त्यामुळे त्या टाकताही येत नाहीत. आमच्या जीपमध्येही सीटवर एक होती आणि शीड गुंडाळून आणलेली दुसरी होती. नवरा म्हणाला, "फटीत चादर ठासू. खेळायला जागा राहणार नाही." मीही हो म्हटलं. त्या वेळी तिघांनाही ते शहाणपणाचं वाटलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. हॉटेलवाले होते. रेंज नीट नव्हती म्हणून मी रस्त्याने थोडी पुढे गेले.

"ताई, टेम्पो सहाला सांगितलाय. तुम्ही नाही म्हणू नका. मी कुंड्यासुद्धा बघून ठेवल्यात, नावेच्या बाजूने लावायला."

"कुंड्या दुसरीकडे लावा," मी म्हटलं.

मी परत आले तेव्हा दोघं हात झटकत होते. पुढचे गतिरोधक शांतपणे पार पडले. दीर खूश झाला. "बघा वहिनी, बाळ झोपलं."

काठावर पोचलो तेव्हा दुपारचं ऊन पाण्यावर पसरलं होतं. फुगवटा भरलेला. लांब पाण्यात बुडालेल्या झाडांचे शेंडे दिसत होते. वारा पश्चिमेकडून, बेताचा. पाण्यात नाव उतरवायची परवानगी काढलेली होती. डोलकाठी उभी केली, शिडाच्या दोऱ्या ओवल्या. दीर ट्रेलर उलटा घेत पाण्यात नेऊ लागला. त्याला मागचं दिसत नव्हतं, म्हणून नवरा काठावरून हात करत होता. मी ओरडून विचारलं, "चादर काढली का?"

नवऱ्याने वाकून नावेखालून चादर ओढली आणि धूळ झटकून मला दाखवली. "ही काय."

दीर जीपमध्ये होता. त्याच्यापर्यंत ना प्रश्न पोचला, ना उत्तर.

नाव तरंगली. मी आत चढले, सुकाणू बसवलं, खुंटी काढून विंच सैल सोडला. पातं अर्धं खाली उतरलं आणि थांबलं. तार ढिली पडली. मी दोनदा हलवून पाहिलं. गंजामुळे असेल असं वाटलं. वारा बेताचा होता. अर्ध्या पात्यावरही नाव चालते.

नवरा गुडघाभर पाण्यात नावेची कड धरून उभा होता.

"बसताय?" मी विचारलं.

"बसणार नाही असं मी म्हटलं होतं."

"मग सोडा कड."

"काठावर राहून तरी काय करू? याच्याशी ऊसतोडीवर बोलू?" असं म्हणून तो चढला, मध्यभागी बसला आणि दोन्ही हातांनी बाकाला धरून राहिला.

शीड भरलं. नाव हलली. काठ लांब गेला, दीर लहान दिसायला लागला. मग सवयीप्रमाणे नवरा वळून मागे बघत बसला. मागे पाण्यावर नावेची रेघ उमटत होती आणि पुसली जात होती.

"आवाजच नाही गं काही," तो म्हणाला.

आम्ही दोन फेऱ्या मारल्या. नाव थोडी आडवी सरकत होती, पण सांगितलेलं ऐकत होती. जुळे सोलापुरातली नाव पाण्यात चालली, एवढं त्या दुपारी सिद्ध झालं होतं. मीटिंगमधल्या अटीचा उरलेला भाग परत जाण्याचा होता.

काठाजवळ आल्यावर मी विंचचं हँडल फिरवलं. दोन वेढे फिरलं आणि घट्ट झालं. तार ताणली गेली, पातं हललं नाही. जोर लावला तर विंचच कुरकुरायला लागला. खाली सोडून पाहिलं, खालीही जाईना. अर्धं उघडं पातं घेऊन नाव ट्रेलरवर चढत नाही. ते ट्रेलरच्या आसाला अडतं.

"वहिनी, वर घ्या की फाळ!" दीर काठावरून ओरडला.

"येत नाही."

"येत न्हाय म्हंजी?"

"अडकलंय."

दिराने नवऱ्याकडे पाहिलं. मग डोक्याला हात लावला. "दादा, मागची चादर काढलीसा न्हवं?"

"मागची कुठली?"

"माजी! सीटवरची! तुमी म्होरनं ठासली, मी मागनं ठासली!"

पातं खाली सोडलं तेव्हा त्याने मागची चादर आपल्याबरोबर ओढत पेटीत खोल नेली होती. तिथे ती भिजली, फुगली आणि पाचरीसारखी बसली. आता पातं जितकं ओढावं तितकी ती आवळत होती.

"एकदा सांगायचंस तरी," नवरा म्हणाला.

"तुमी इचारलं का? आन् माजी चादर गेली त्याचं काय? लगनातली हाय ती. घरात कळलं तर मलाच नावंत झोपावं लागंल."

खालून हात घालून पाहिलं. चादरीचं एक टोक बोटांना लागत होतं, धरता येत नव्हतं. दिराने पाण्यात बुडी मारली आणि नाकातोंडात पाणी जाऊन वर आला. तेवढ्यात फोन वाजला. पुन्हा हॉटेलवाले.

"ताई, कुठवर?"

"उजनीवर. नाव चालवून झाली. पातं अडकलंय."

"अरे वा! म्हणजे... वाईट झालं. पण मग सोपंच झालं की. टेम्पो तिकडेच पाठवतो, गॅसकटरवाला बरोबर देतो. कापायचं, टाकायचं, चढवायचं. नाहीतरी ते कापायचंच होतं."

मी फोन ठेवला. दिरालाही तेच सुचलं होतं. "वहिनी, कटर हितं गावातबी मिळंल. येळ चाललाय. फाळ कापू, नाव घरी नेऊ. फाळ काय, परत बसवता येतोय."

तो बसवता येत नाही. बोल्ट, पेटी, पातं हे एकमेकांना घासून बसलेले असतात. एकदा कापलं की ती नाव पाण्यावरची राहत नाही. बाकं टाकायला चांगली होते. मी वर्षानुवर्षं डेस्कवर बसले. तिथली पद्धत अशी, की बातमी जागेत मावत नसेल तर खालून कापायची. कोणाची, का, हे विचारायचं नाही. हजारो बातम्या मी तशा कापल्या आणि त्याबद्दल मला खंत नाही, कारण पानाला मर्यादा असते. पार्किंगला नावेइतकी जागा होती. ती मोजूनच मी नाव आणली होती. इथे खालून काही कापायचं कारण नव्हतं.

"कापायचं नाही," मी म्हटलं.

"मग काय करायचं?" दीर म्हणाला. "सहाला मीटिंग हाय म्हनला."

"नाव आडवी करायची."

क्लबात एकदा मुद्दाम नाव उलटवून परत सरळ करायला शिकवलं होतं. सर मला म्हणाले होते, "तुम्ही नुसतं बघा." मी नुसतं बघितलं होतं आणि त्यामुळे नीट बघितलं होतं. डोलकाठीच्या शेंड्यावरून येणारी दोरी लांब करून काठावरून ओढली, की नाव कुशीवर झोपते आणि पोट पाण्याबाहेर येतं. मग फट हाताशी येते.

"दोरी जीपला बांधू," दीर म्हणाला. "एका झटक्यात झोपंल."

"झटक्यात डोलकाठी मोडेल. हातांनी ओढायचं. सावकाश."

नावेतलं सामान बाहेर काढलं. शीड उतरवलं. शिडाच्या दोरीला दिराचा ऊस बांधायचा सोल, म्हणजे जाड दोर, जोडला. दोघं काठावर दोरी धरून उभे राहिले. मी नावेच्या पलीकडच्या बाजूला, छातीभर पाण्यात. पाणी गार होतं आणि तळाचा गाळ पायांना ओढत होता. दिराने जीपमधून ऊस तोडायचा कोयता आणून माझ्या हातात दिला. देताना म्हणाला, "सांबाळून. त्यो चादर आन् बोट ओळखत न्हाय."

"ओढा," मी म्हटलं.

डोलकाठी हळूहळू काठाकडे झुकली. नावेची माझ्याकडची कड वर उचलत गेली, मग पोट वर आलं, त्यावरून पाणी निथळलं. अर्धं उघडलेलं पातं माझ्या तोंडासमोर आडवं झालं. नाव एका क्षणी थबकली आणि परत उभी राहायला बघू लागली.

"धरा! सोडू नका!"

"धरलंय!" नवरा ओरडला. त्याचा आवाज एवढा मोठा मी घरात कधी ऐकला नव्हता. "तू तुझं काम कर!"

फटीच्या मागच्या टोकाला चादर दिसत होती. निळी, पांढऱ्या फुलांची, गाळाने काळी झालेली. मी पात्याच्या कडेने कोयता आत घातला आणि करवतीसारखा ओढला. सोलापूरची वीण लवकर सुटत नाही. दोन बोटांची पट्टी निघाली, मग विताची. तिसऱ्या वेळी टोक हाताला नीट आलं. ते मनगटाला गुंडाळून मी मागे रेलले. चादर आधी ताणली गेली, मग आतून सरकली आणि एकदम सगळी बाहेर आली. मी पाण्यात मागे पडले. वर आले तेव्हा पातं बोल्टवर मोकळं हलत होतं.

"सुटलं!"

"सोडू का?"

"सावकाश!"

नाव सरळ झाली. आत पाणी भरलं होतं, ते बादलीने काढलं. हँडल फिरवलं आणि पातं एकसारखं वर येत पेटीत मिटलं. वाकलेली खुंटी दिराने दगडावर ठोकून सरळ केली आणि मी ती घातली.

ट्रेलर पाण्यात नेला, नाव दांड्यांवर ओढून बसवली. जीप वर चढायला लागली आणि मागचं चाक ओल्या मातीत रुतून नुसतं फिरू लागलं. दिराने सीटखालून बाभळीची जाड फळी काढली. रानात ट्रॉलीचं चाक रुतलं की खाली घालायची फळी. ती चाकाखाली गेली, जीप उचलली गेली, ट्रेलर कोरड्यावर आला. दीर फळी परत सीटखाली ठेवत होता, तेव्हा मी ती मागून घेतली.

फळी दोन दांड्यांवर आडवी, पात्याच्या टोकाखाली बरोबर बसली. वर जीपच्या टपावरचा रबराचा तुकडा टाकला, दोन्ही टोकं सोलाने आवळून बांधली. खुंटी काढली. पातं थोडं खाली सोडलं. ते फळीवर टेकलं. त्याचं टोक जीपमधल्या एका पट्ट्याने फळीलाच आवळून बांधलं, म्हणजे उसळायला नको. नवऱ्याने पातं धरून हलवायचा प्रयत्न केला. हललं नाही.

"ही फळी सकाळपासून सीटखाली होती?" त्याने विचारलं.

"व्हय की," दीर म्हणाला. "तुमी चादर म्हनला."

परतीच्या रस्त्यावर सगळे गतिरोधक तेच होते. देवळापुढचा, शाळेपुढचा, कोणाच्या तरी दारापुढचा. दीर प्रत्येकाआधी एक्सलेटरवरून पाय काढायचा आणि कान द्यायचा. मागून आवाज आला नाही. माझे कपडे अंगावरच वाळले. निथळलेली चादर पायाशी गोळा करून ठेवली होती.

सोसायटीच्या गेटात शिरलो तेव्हा मीटिंग सुरू झाली होती. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. सगळ्या आमच्याच जागेत, कारण तेवढी एकच जागा रिकामी होती. कडेला टेम्पो उभा होता. दिराने हॉर्न दिला. सेक्रेटरींनी हात वर केला.

"मॅडम, मीटिंग चालू आहे. जरा थांबा."

"मीटिंग माझ्या जागेवर चालू आहे," मी जीपमधून उतरत म्हटलं. "खुर्च्या उचला. गाडी लावायची आहे."

कोणी हललं नाही. मग पहिल्या रांगेतल्या एक आजी उठल्या, आपली खुर्ची स्वतः उचलली आणि टेम्पोच्या बाजूला नेऊन ठेवली. त्यांच्यामागे दुसरे उठले. हॉटेलवाले टेम्पोला टेकून उभे होते.

"ताई, पातं कापलंत ना?"

"खाली वाकून बघा."

त्यांनी खरंच वाकून पाहिलं. सेक्रेटरींनीही पाहिलं. दिराने ट्रेलर उलटा घेतला. दोन्ही बाजूंच्या खांबांपासून हातहात अंतर ठेवून, एका दमात, पुढे-मागे न करता. ट्रॉल्या ओढणाऱ्याला हे रोजचं आहे.

"मुलांना आवडली असती," हॉटेलवाले म्हणाले.

"मुलांना पाठवा पुढच्या रविवारी सकाळी. आईस्क्रीम तुम्ही द्या, नाव मी देते. मात्र पाण्यात."

टेम्पो रिकामा गेला. सेक्रेटरींनी खुर्च्या पुन्हा मांडून घेतल्या, या वेळी दोन मोटारींच्या मधल्या बोळात. गुडघ्याला गुडघा लागत होता. मीटिंगमध्ये पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता.

मी ट्रेलरची चाकं अडवली आणि जीपचा हुक सोडला. मग दिराची चादर उचलली. तिचे तीन तुकडे झाले होते, तरी प्रत्येक तुकडा पाण्याने जड होता. डोलकाठी आता नावेवर आडवी बांधलेली होती. तिच्यावर एकेक तुकडा पिळून पसरला. पाणी टपटप पार्किंगच्या फरशीवर पडायला लागलं.

सेक्रेटरी टाकीचं बोलणं थांबवून म्हणाले, "मॅडम, कंपाउंडमध्ये कपडे वाळत घालायचे नाहीत असा ठराव आहे."

"कंपाउंडमध्ये नाही घातले," मी म्हटलं आणि शेवटचा तुकडा सरळ केला. "गाडीवर घातलेत."